घरांतील एक सोशिक वेल



आपल्या वाचनालयाच्या पूर्वेकडील खिडकींत एका बाटलींतून जी हिरवी-पिवळी वेल खालीं लोंबते, तिच्याकडे बोट दाखवून इयत्ता नववींतील एका विद्यार्थिनीनें एका पावसाळ्यांत मला विचारलें, “सर, ह्या झाडाला कांहींच लागत नाहीं ना?” मी हातांतल्या वह्यांवरून नजर न काढतां “नाहीं, कांहींच लागत नाहीं” असें उत्तर देऊन मोकळा झालों. घाईनें दिलेलें तें उत्तर चुकीचें होतें, आणि तें किती चुकीचें होतें हें मला महिन्याभरांत माझ्या स्वतःच्या घरांत कळून आलें. ती हकीकत पुढें येईलच. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस उशिरानें दिलेलें सविस्तर उत्तर होय.

आपल्या गांवीं १८९० सालीं बालकवि ठोमरे जन्मले आणि सृष्टीच्या वेडानें मराठी कवितेंत अमर झाले. परंतु रानावनाची ती संगत सर्वांच्याच वाट्यास येत नाहीं. पुष्कळ घरांस आतां अंगण उरलेलें नाहीं. उरली आहे ती एखादी खिडकी. त्या खिडकींत काय लावावें असें पालक विचारतात, तेव्हां उत्तर बहुधा एकच मिळतें : मनीप्लांट.

ह्या वेलीचें शास्त्रीय नांव एपिप्रेम्नम ऑरियम असें आहे. ऑरियम म्हणजे सोनेरी. पानांवरील पिवळ्या छटांवरून तें पडलें. १८८० सालीं युरोपांत तिची प्रथम नोंद झाली, तेव्हां तिला पोथॉस ह्या गणांत घातलें होतें, व म्हणून परदेशांत अद्यापि तिला पोथॉस म्हणतात. हा पोथॉस शब्द मूळचा सिंहली. लिनीअस ह्या स्वीडिश पंडितानें तो अठराव्या शतकांत शास्त्रीय नांवांत आणला. पुढें आपल्या वेलीचा गण आणखी दोन-तीन वेळां बदलला आणि १९६४ सालीं हल्लींचें नांव ठरलें. एवढा घोळ कां व्हावा? वनस्पतीचा गण मुख्यतः फुलावरून ठरवितात, आणि ही वेल जवळजवळ कधींच फुलत नाहीं. फूलच हातीं नाहीं तर शास्त्रज्ञांनीं तरी काय करावें! १९६० नंतर एकदां फूल मिळालें, तेव्हां कोठें तिच्या खऱ्या गोतावळ्याचा पत्ता लागला.

ती फुलत कां नाहीं ह्याचें उत्तर तर फारच अलीकडचें आहे. झाडाच्या शरीरांत जिबरेलिन नांवाचें एक द्रव्य असतें. वाढणें, फुलणें इत्यादि गोष्टी त्याच्या आज्ञेनें होतात. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसून आलें कीं, हें द्रव्य तयार करण्यास आवश्यक अशा एका जनुकाचें काम ह्या वेलींत बिघडलेलें आहे. बाहेरून जिबरेलिन फवारतांच वेलीस फुलें आलीं! म्हणजे फुलण्याची शक्ति तिच्यांत आहे, फक्त हुकूम देणारा गैरहजर आहे.

आतां ह्यावरून निघणारी गोष्ट नीट लक्षांत घ्या. फूल नाहीं म्हणून बी नाहीं; बी नाहीं म्हणून फांटे तोडून लावण्यावांचून वंश चालविण्याचा दुसरा मार्ग नाहीं. तुमच्या घरची वेल शेजाऱ्यांच्या वेलीचा तुकडा, शेजाऱ्यांची वेल त्यांच्या जळगांवच्या मावशीच्या वेलीचा तुकडा, आणि असें मागें मागें जातां शेवटीं आपण समुद्रापलीकडे पोंचतों. आपल्या जिल्ह्यांतील मुलांना हें नवल वाटूं नये. केळीचेंही असेंच नाहीं काय? आपण जी केळी खातों तींत रुजणारें बी नसतें. मुनवे किंवा प्रयोगशाळेंत तयार केलेलीं रोपें लावूनच शेतकरी बाग उभी करतो. म्हणून एका झाडास जो रोग बाधतो तो शेजारच्या हजार झाडांसही तितक्याच सहजतेनें बाधूं शकतो, कारण तीं सर्व एकाच घडणीचीं असतात.

समुद्रापलीकडे म्हणजे कोठें? पॅसिफिक महासागरांत ताहिती बेटाच्या शेजारीं मोरेआ नांवाचें एक लहानसें डोंगराळ बेट आहे. तेंच ह्या वेलीचें माहेर. नकाशांत पाहाल तर तें विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें साडेसतरा अंशांवर आहे, आणि आपलें धरणगांव उत्तरेस सुमारें एकवीस अंशांवर. दोन्ही गांवें उष्ण कटिबंधांतलींच. पण मोरेआच्या चारी बाजूंस समुद्र आहे. तेथें हवा बारा महिने उबदार व दमट असते, आणि मोठ्या झाडांच्या सावलींत ही वेल खोडास मुळ्या रोवून उजेडाकडे चढत असते. तिच्या पायाशीं पालापाचोळ्याची भुसभुशीत माती असते. तींत पाऊस मुरतो आणि निथळूनही जातो. तिच्या संगोपनाचे सर्व नियम ह्या तीन गोष्टींतच सांपडतात : झिरपता उजेड, निथळणारी माती आणि दमट हवा. आपल्याकडे ह्यांपैकीं एकही आयती मिळत नाहीं. तरीही ती तग धरते, म्हणून तिला मी सोशिक म्हटलें.

प्रथम उजेडाचें पाहूं. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत उन्हाळ्यांत गारवा असतो खरा, पण आंतल्या खोलींत भर दुपारींही अंधार असतो. अशा कोपऱ्यांत वेल मरत नाहीं, पण वाढतही नाहीं. दोन पानांमधलें कांडें लांबट होतें, नवें पान बारीक येतें, आणि सोनेरी छटा जाऊन तें निव्वळ हिरवें दिसूं लागतें. ह्याचें कारण सोपें आहे. पिवळ्या भागांत हरितद्रव्य फारच थोडें असतें, म्हणजे तो भाग अन्न तयार करण्याच्या कामीं जवळजवळ निरुपयोगी. उजेड थोडा झाला कीं अशी चैन झाडास परवडत नाहीं. जागेची परीक्षा अशी करावी : ढग नसतांना दुपारीं बारा वाजतां दिवा न लावतां जेथें हें मासिक सहज वाचतां येतें, ती जागा वेलीस चालेल. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी सर्वांत उत्तम. पश्चिमेची खिडकी मार्च ते जून टाळावी. खानदेशांतील वैशाखाचें ऊन पारा ४५ अंशांच्या आसपास नेतें, आणि त्या उन्हाची तिरीप थेट पानावर पडली तर दोन दिवसांत तेथें भाजल्यासारखे करडे डाग पडतात. ते पुन्हां हिरवे होत नाहींत.

येथें वेलीच्या एका विलक्षण खोडीकडे तुमचें लक्ष वेधतों. आपल्या बाटलींतल्या वेलीचें पान तळहाताएवढें असतें. तीच वेल कोंकणांत किंवा मुंबईकडे एखाद्या आंब्याच्या किंवा नारळीच्या खोडावर चढलेली पाहाल, तर ओळखणार नाहीं. पान सुपाएवढें, आणि कडेनें फाटलेलें! जात दुसरी नव्हे. वर चढण्यास आधार मिळाला कीं ती प्रौढ होते, आणि खालीं लोंबत सोडली कीं बाल्यावस्थेंतच राहते. किंबहुना लोंबत्या टोकाचीं पानें उत्तरोत्तर लहानच होत जातात. घरीं प्रयोग करावयाचा असल्यास एका बांबूस नारळाचा काथ्या गच्च गुंडाळून तो कुंडींत रोवा, काथ्या ओलसर ठेवा, आणि वेलीचें टोंक त्यास सैलसें बांधा. वर्षाच्या आंत फरक डोळ्यांस दिसेल. दर महिन्यास सर्वांत नव्या पानाची लांबी मोजून वहींत लिहिलीत, तर निसर्गाभ्यासाची सुंदर टिपणवही तयार होईल.

आतां फांटा लावण्याविषयीं. आपल्याकडे अशी एक समजूत आहे कीं, मनीप्लांट मागून आणला तर जगत नाहीं, चोरून आणला तरच जगतो व धन देतो. चांगल्या घरच्या माणसांनीं शेजाऱ्याच्या खिडकींतून फांटा खुडतांना मी पाहिलें आहे, आणि आठवी आज्ञा पाठ असलेल्यांचीही त्यांत गणना आहे! खरी गोष्ट एवढीच कीं, हा फांटा कसाही आणला तरी बहुधा जगतोच. मग चोरलेला जगला म्हणजे समजूत पक्की होते, आणि मागून आणलेला जगला तर त्याची कोणी आठवण ठेवीत नाहीं. तो जगण्याचें रहस्य पेरांत आहे. उसाचें टिपरें लावतांना तुमचे वडील डोळा आहे कीं नाहीं हें पाहून लावतात ना? येथेंही तसेंच. प्रत्येक पानाच्या देठापाशीं खोडावर एक गांठ असते, आणि गांठीशेजारीं तपकिरी रंगाचा एक लहानसा कोंभ असतो. तें मूळच होय, केवळ ओलाव्याची वाट पाहत थांबलेलें. गांठीच्या खालीं बोटभर जागा सोडून स्वच्छ सुरीनें कापावें, पाण्यांत बुडणारीं पानें काढून टाकावीं, गांठ मात्र पाण्यांत राहूं द्यावी. उबदार दिवसांत दोन ते चार आठवड्यांत मुळें फुटतात. गांठ न घेतां नुसतें पान देठासकट पाण्यांत ठेवलें, तर तें कित्येक महिने हिरवें राहील, कदाचित् त्यास मूळही फुटेल. परंतु त्यापासून वेल कधींही होणार नाहीं. आपल्या वर्गांतील अर्धे निराश माळी ह्याच चुकीनें निराश झाले आहेत.

मुळें बोटभर लांब झालीं म्हणजे वेल मातींत लावतां येते. ह्या कामीं आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतों. एका वर्षीं दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं वर्गांतील मुलांनीं वीस दिवस झाड तहानेलें राहील ह्या कळवळ्यानें कुंडी कांठोकांठ भरून ठेवली. निघतांना प्रत्येकानें आपापल्या बाटलींतलें उरलेलें पाणीही तींत ओतलें. कुंडी पत्र्याच्या डब्याची होती, तळास भोंक नव्हतें, आणि माती शेतांतून आणलेली, कापसाची, काळीभोर. शाळा उघडल्यावर पाहतों तों पानें पिवळीं पडलेलीं, खोड बुडाशीं मऊ, आणि माती उकरतांच कुबट वास. ज्या झाडास आम्ही महिनोन् महिने विसरत असूं आणि तरी जें टिकत असे, तें आम्हीं प्रेमानें पाणी पाजून मारलें.

त्या दिवशीं एका मुलानें असा प्रश्न विचारला कीं मला मोठा आनंद झाला. तो म्हणाला, “सर, बाटलींत तर हें झाड नुसत्या पाण्यांतच असतें. मग तेथें कां कुजत नाहीं?” प्रश्न मार्मिक आहे. मुळांनाही श्वसन करावें लागतें. त्यांस प्राणवायु हवा. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात त्यांतून तो मिळतो. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, पोकळ्या बुजतात, आणि मातींतील असंख्य सूक्ष्म जंतु उरलासुरला प्राणवायु संपवून टाकतात. मग गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते. बाटलींतील स्वच्छ पाण्यांत कुजणारी माती नसते. त्यांत हवेंतला थोडा प्राणवायु विरघळलेला असतो. आणि पाण्यांतच फुटलेलीं मुळें तेवढ्यावर निभावण्यास पहिल्यापासून सरावलेलीं असतात. म्हणूनच बाटलींतली वेल मातींत नेल्यावर पहिले पंधरा दिवस माती ओलसर राखावी लागते. मुळांना नव्या घराची संवय व्हावी लागते. तें पाणीही बाटलींत फार दिवस तसेंच राहिलें तर त्यांतील प्राणवायु कमी होतो, मुळें बुळबुळीत होतात. ह्या मुद्द्याकडे आपणांस पुन्हां यावयाचें आहे.

कुंडीसाठीं काळी माती वापरूंच नये असें मी म्हणत नाहीं. आपल्याकडे तीच मुबलक आहे. पण एक भाग काळी माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगलें कुजलेलें शेणखत असें मिश्रण करावें. नारळाच्या काथ्याचा भुसा मिळाल्यास तोही घालावा. कुंडीच्या तळास भोंक अवश्य हवें. पाणी केव्हां घालावें ह्यास दिवसांचा हिशेब नाहीं. बोट दोन पेरें मातींत खुपसून पाहावें, कोरडें लागलें तर घालावें, ओलें लागलें तर घालूं नये. चैत्र-वैशाखांत तें तीन-चार दिवसांनीं लागेल, पावसाळ्यांत आठवड्यानें, आणि पौषाच्या थंडींत दोन आठवडेही चालेल. उन्हाळ्यांत ज्या घरीं हंडे मोजून पाणी वापरावें लागतें, तेथें डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी कुंडीस घालण्यास हरकत नाहीं. साबणाचें मात्र नको. विंधणविहिरीच्या पाण्यांत क्षार फार असतात, हें चहाच्या भांड्याच्या तळाशीं बसणाऱ्या पांढऱ्या थरावरून तुमच्या आईस ठाऊक आहे. तेच क्षार कुंडींत सांचले कीं पानांचीं टोंकें तपकिरी होतात. पावसाळ्यांत कुंडी दोन-चार तास पावसांत ठेवली कीं ते धुऊन जातात. पानांवर बसणारी धूळ ओल्या फडक्यानें पुसावी, कारण धुळीखालीं पानास उजेड मिळत नाहीं.

पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं पानाच्या टोंकाशीं कधीं कधीं मोत्यासारखा थेंब लटकलेला दिसतो. कित्येकांस तें दंव वाटतें. पण बंद खोलींत दंव कोठून येणार? रात्रीं मुळांनीं ओढलेलें पाणी पानांच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर पडतें, तो हा थेंब. तो रोज दिसूं लागला तर पाणी अधिक होत आहे असें समजावें.

आतां ती हकीकत. वरील संभाषणानंतर सुमारें महिन्यानें, भाद्रपदांत, माझी धाकटी मुलगी तापानें आजारी पडली. चौथ्या दिवशीं रक्ताच्या तपासणींत डेंग्यू निघाला आणि तिला रुग्णालयांत ठेवावें लागलें. त्याच आठवड्यांत घरोघर पाहणी करीत आशाताई आमच्या दारीं आल्या. त्यांनीं पाण्याची टाकी पाहिली. ती झांकलेली होती. कूलर पाहिला, तो मी कोरडा करून ठेवला होता, आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. मग त्यांची दृष्टि बैठकींतल्या कोनाड्याकडे गेली. तेथें निळ्या कांचेच्या एका सुंदर बाटलींत मनीप्लांट होता. त्या म्हणाल्या, “सर, ही बाटली जरा उजेडांत आणतां का?” मी ती दारांत नेली. त्यांनीं बोटानें कांचेवर टिचकी मारली, त्याबरोबर पाण्याच्या पृष्ठभागीं लटकलेल्या पंधरा-वीस बारीक अळ्या वळवळत तळाकडे गेल्या. त्यांत स्वल्पविरामाच्या आकाराचे कांहीं कोशही होते. म्हणजे एक-दोन दिवसांत पंख फुटून उडणारे. मी विज्ञान शिकवितों. डासाचें जीवनचक्र मी फळ्यावर किती वेळां काढलें असेल ह्याची गणतीच नाहीं. तें माझ्या कोनाड्यांत चालूं होतें, आणि मी दररोज संध्याकाळीं त्याच्याशेजारीं बसून वह्या तपाशीत होतों.

माझ्या मुलीस चावलेला डास त्याच बाटलींतला होता असें मी सिद्ध करूं शकत नाहीं. तो नव्हता असेंही मला म्हणतां येत नाहीं. आठ दिवसांनीं ती घरीं आली, आतां ती चांगली आहे. पण त्या आठ रात्री मी विसरणार नाहीं.

मलेरियाचा जंतु डासाच्या पोटांत वाढतो हें रोनाल्ड रॉस ह्यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें दाखविलें, हें तुम्हीं वाचलें आहे. तो ॲनोफिलीस जातीचा डास. डेंग्यूचा प्रसार करणारा डास निराळा. त्याचें नांव एडीस इजिप्ती. त्याच्या काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो मुख्यतः दिवसा चावतो. गटाराच्या घाणेरड्या पाण्यापेक्षां घरांतलें स्वच्छ, सांठलेलें पाणी त्यास अधिक आवडतें. तो फार दूर उडत जात नाहीं; म्हणून घरांत चावणारा हा डास बहुधा आपल्याच किंवा शेजाऱ्याच्या घरीं वाढलेला असतो. मादी आपलीं अंडीं पाण्यांत न टाकतां पाण्याच्या रेषेच्या किंचित् वर, भांड्याच्या ओलसर भिंतीस चिकटवून ठेवते. खसखशीहून लहान असे ते काळे ठिपके कोरड्या भांड्यावर महिनोन् महिने जिवंत राहूं शकतात, आणि पाणी त्यांच्यापर्यंत चढलें कीं फुटतात. उबदार हवेंत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ ते दहा दिवस पुरतात.

ह्या दोन गोष्टींवरूनच बाटलीचे नियम ठरतात. आठ दिवसांचें चक्र मोडावयाचें, म्हणून पाणी सातव्या दिवसाच्या आंत बदललेंच पाहिजे. आणि अंडीं भिंतीस चिकटलेलीं असतात, म्हणून नुसतें पाणी ओतून नवें भरणें व्यर्थ आहे; बाटली आंतून घासली पाहिजे. हात जात नसेल तर मूठभर वाळू व थोडें पाणी घालून ती जोरानें हलवावी. वेल बाहेर काढून मुळें वाहत्या पाण्यांत धुवावीं, बुळबुळीत झालेलीं काळीं मुळें कापून टाकावीं. जुन्या पाण्यांत अळ्या दिसल्या तर तें मोरींत न ओततां उन्हांत कोरड्या जमिनीवर ओतावें. शेवटीं खोडाभोंवतीं बाटलीच्या तोंडांत कापसाचा बोळा घट्ट बसवावा, म्हणजे मादीस आंत जातांच येत नाहीं. आपल्या खानदेशांत कापसास काय तोटा! माझ्या आईच्या काळीं लोणच्याच्या बरण्यांस दादरा बांधीत. आतां तो मनीप्लांटास बांधण्याची वेळ आली आहे. शासनाचा आरोग्य विभाग आठवड्यांतून एक कोरडा दिवस पाळण्यास सांगतो. आमच्या घरीं तो शनिवार आहे, आणि त्या दिवशीं बाटलीबरोबर कुंडीखालची बशी, शीतकपाटामागचें पाण्याचें तबक, पक्ष्यांसाठीं ठेवलेलें भांडें व उन्हाळ्यांत कूलरची टाकी हीं सर्व माझी मुलगी स्वतः तपाशिते. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाहीं. सगळें मिळून पंधरा मिनिटें लागतात. ज्यांना आठवड्यांतून तेवढीं पंधरा मिनिटें देणें शक्य नाहीं, त्यांनीं बाटलीचा नाद सोडून वेल मातींतच लावावी, असें पालकांस माझें आग्रहाचें सांगणें आहे.

घरांत रांगतें मूल असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही वेल अळूच्या कुलांतली. कच्चा अळू घशास कां खाजतो? त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात, ते तोंडांत टोंचतात. अळू आपण भरपूर शिजवितों, चिंच घालतों, आणि वड्या करून मिटक्या मारीत खातों. मनीप्लांटांत तशाच सुया असतात, पण तो खाण्याजोगा नव्हे, शिजवूनही नव्हे. मुलानें पान चघळलें तर तोंडाची आग होते, लाळ गळते, क्वचित् ओठ-जीभ सुजते. तोंड ओल्या फडक्यानें पुसून काढावें, थंड पाणी किंवा दूध पाजावें. सूज दिसली किंवा गिळण्यास व श्वास घेण्यास त्रास होऊं लागला तर वेळ न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें. मांजर, कुत्रा, शेळी ह्यांच्याही तोंडीं तो लागूं देऊं नये. वेल उंचावर ठेवली कीं हा प्रश्न बव्हंशीं मिटतो.

हा वेल घरांतील हवा शुद्ध करतो अशी जाहिरात हल्लीं फार ऐकूं येते. ती गोष्ट १९८९ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेनें लहानशा बंद पेट्यांत केलेल्या प्रयोगांवरून पसरली. पेटींत जें घडलें तें खरें; पण आपल्या घराला दारें-खिडक्या आहेत, आणि त्यांतून जेवढी हवा येते-जाते तिच्यापुढें एका वेलीचें काम नगण्य आहे. २०१९ सालीं ह्या सर्व प्रयोगांचा पुन्हां हिशेब मांडला, तेव्हां असें आढळलें कीं उघड्या खिडकीची बरोबरी करण्यास एका चौरस मीटरांत निदान दहा झाडें, आणि कदाचित् शेंकडों, ठेवावीं लागतील. मग माणसांनीं कोठें बसावें? धनाविषयीं म्हणाल, तर आमच्या घरीं ही वेल बारा वर्षें आहे, आणि माझा पगार शासनाच्या वेतनश्रेणीप्रमाणेंच वाढत आला आहे.

वाचनालयाची वेल आतां बरीच लांबली असून जूनमध्यें तिची छाटणी करावयाची आहे. ज्यांस फांटा हवा असेल त्यांनीं शाळा सुरू झाल्यावर पहिल्या सोमवारीं मधल्या सुट्टींत माझ्याकडून मागून न्यावा. चोरण्याची गरज नाहीं. येतांना बाटली आंतून घासून आणावी आणि कापसाचा बोळा बरोबर असावा. त्यावांचून फांटा मिळणार नाहीं.